गावातली बँक शाखा बंद होणार असेल तर हरकत कुठे आणि कधी घ्यायची

शाखेच्या शटरवर 'ही शाखा अमुक शाखेत विलीन होत आहे' असा कागद लागला की गावात सह्यांची मोहीम सुरू होते. निवेदन बँकेच्या झोनल ऑफिसला जातं, आमदारांना जातं, झालंच तर थेट पंतप्रधान कार्यालयाला. यथावकाश 'आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आले आहे' असं छापील उत्तर येतं. तोवर शाखेतलं फर्निचर टेम्पोत चढलेलं असतं. सह्या खऱ्या असतात, अडचण खरी असते, पत्ता तेवढा चुकलेला असतो.

रिझर्व्ह बँकेच्या शाखाविषयक नियमांनुसार शहरातल्या शाखा बँका स्वतःच्या मर्जीने बंद करू शकतात. ग्रामीण शाखेला आणि निमशहरी गावातल्या एकमेव शाखेला मात्र जिल्हास्तरीय समितीची मंजुरी लागते. समित्या दोन आहेत, जिल्हा सल्लागार समिती आणि जिल्हास्तरीय आढावा समिती. दोन्हींचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि कामकाज बघतो तो अग्रणी जिल्हा व्यवस्थापक, म्हणजे बोलीभाषेत एलडीएम. तुमचा अर्ज या दोघांच्या नावे हवा. अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा समन्वय ठेवणारी बँक, जिल्ह्यागणिक वेगळी असते: पुणे, सातारा, नाशिकला बँक ऑफ महाराष्ट्र, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरीला बँक ऑफ इंडिया. बंद होणारी शाखा दुसऱ्याच बँकेची असली तरी अर्ज अग्रणी बँकेच्या एलडीएमकडेच जातो. हे सांगूनही पटत नाही लोकांना.

'शाखा बंद होत नाही, फक्त शिफ्ट होतेय' असं मॅनेजर म्हणाले म्हणून गाव गप्प बसल्याचं अनेकदा दिसतं. बंद करणं, विलीन करणं किंवा हलवणं, तिन्हींना मंजुरी लागते. बँकांच्या विलीनीकरणानंतर (1 एप्रिल 2020 ला सिंडिकेट बँक कॅनरात गेली, 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र आल्या) जवळजवळच्या दोन शाखांची एक करायचे प्रस्ताव येणं साहजिक आहे. पण साहजिक आहे म्हणून मंजुरी टळत नाही.

आता पात्रतेचा मुद्दा. इथे चांगले चांगले अर्ज स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. गाव केवढं मोठं आहे हे ठसवायला सरपंच लिहितात, 'आमच्या गावाची लोकसंख्या आज पंधरा हजार आहे.' नियमात ग्रामीण म्हणजे दहा हजारांपेक्षा कमी लोकसंख्येचं गाव. पंधरा हजार लिहिलंत की तुम्हीच स्वतःला निमशहरी ठरवलंत, आणि गावात दुसरी बँक असेल तर विषय तिथेच संपला. आधार धरतात तो 2011 च्या जनगणनेचा आकडा. तोच लिहा, आणि जनगणनेच्या गावनिहाय यादीतलं ते पान जोडा. बाजारपेठेचा व्याप दाखवायचाय तर खातेदार, पीककर्ज, बचत गट यांच्या संख्येने दाखवा.

दुसरी गल्लत बँकेच्या प्रकाराची. ही तरतूद व्यापारी बँकांसाठी आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची किंवा नागरी सहकारी बँकेची शाखा जात असेल तर तिचे नियम वेगळे, या नियमांचा हवाला देऊन उपयोग नाही.

मुदतीबद्दल सांगायचं तर शटरवरची तारीख ही हरकतीची मुदत नव्हे. ती लागते तेव्हा मंजुरी पुष्कळदा झालेली असते. समितीची बैठक तिमाहीला होते आणि अर्ज पोचायला हवा तो विषयपत्रिका तयार होण्याआधी. कुजबुज कानावर आली की एलडीएमच्या कार्यालयात जाऊन विचारा, प्रस्ताव आलाय का, बैठक कधी आहे. आढावा समितीच्या बैठकीला आमदार-खासदारांना बोलावतात. आमदारांकडे निवेदन न्यायचंच असेल तर 'या बैठकीत हा विषय मांडा' असं नेमकं लिहून न्या.

कागदपत्रांची ठरीव यादी किंवा छापील नमुना नाही. ग्रामसभेचा ठराव सर्वांत वजनदार. मासिक सभेचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव नव्हे. मासिक सभेचाच ठराव जोडून लोक मोकळे होतात. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. ठरावाच्या प्रतीवर सूचक, अनुमोदक, तारीख आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) सही-शिक्का बघून घ्या. सोबत जवळच्या शाखेचं अंतर आणि एसटीच्या फेऱ्या. अर्ज आवक विभागात द्या, पोच घ्या.

बँकेचं ठरलेलं उत्तर असतं, 'तिथे आमचं ग्राहक सेवा केंद्र आहे ना.' समितीने मंजुरी देताना गावाची बँकिंगची गरज नीट भागते का, हे पाहायचं असतं. बँकिंग सेवा केंद्र म्हणून गणलं जायला ते दिवसाला किमान 4 तास आणि आठवड्यातून किमान 5 दिवस चालावं लागतं. तेव्हा केंद्र कधी उघडतं, सर्व्हर किती वेळा डाऊन असतो, म्हाताऱ्यांचा अंगठा लागत नाही तेव्हा काय करतात, याची तारीखवार नोंद ठेवा. भावनिक दोन पानांपेक्षा ही अर्ध्या पानाची नोंद समितीपुढे जास्त बोलते.

मंजुरी झाली का हे माहिती अधिकारात विचारता येतं. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज असेल तर एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. राष्ट्रीयीकृत बँकेकडे मात्र कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. एवढ्याशा कारणाने अर्ज परत येतात आणि महिना हातचा जातो. बैठकीचं इतिवृत्त आणि शाखेबद्दलचा ठराव, एवढंच मागा. गेल्या दहा वर्षांचा सगळा पत्रव्यवहार मागू नका.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे धाव घेऊ नका. शाखा ठेवायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, म्हणून तक्रार दाखलच होत नाही. मंजुरीच न घेता शाखा हलवली असेल तर इतिवृत्ताची प्रत जोडून जिल्हाधिकारी आणि रिझर्व्ह बँकेचे अग्रणी जिल्हा अधिकारी, दोघांना लिहा. रिझर्व्ह बँकेचे हे अधिकारी समितीचे सदस्यच असतात.

आणि शाखा गेलीच, तर आधी लॉकर बघा, मग बदललेला आयएफएससी कोड पेन्शन कार्यालयाला, दूध संघाला आणि साखर कारखान्याला कळवा.