बाई दिसली म्हणून सतीशिळा होत नाही

सातारा-सांगलीकडं देवळाच्या आवारात, पाराजवळ, ओढ्याकाठी कोरीव काळा दगड दिसला आणि त्यावर बाई असली की लोक सरळ 'सतीशिळा', म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड, म्हणून मोकळे होतात. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळांची रांगच आहे. तिथंही हेच कानावर येतं.

वीरगळ बहुतेकांना ठाऊक आहे. लढताना पडलेल्या वीराचा दगड, वाचायचा खालून वर. तळाला वीर आडवा, कधी शेजारी गाई, म्हणजे गावाचं गोधन सोडवताना तो गेला. त्यावर लढाई, मग स्वर्गाची वाट, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा.

घोळ होतो तो स्वर्गाच्या वाटेच्या चौकटीत. वीराच्या दोन्ही अंगांना बायका दिसतात. त्या अप्सरा, त्याला वर न्यायला आलेल्या. त्यांना त्याच्या बायका ठरवून 'दोघी सती गेल्या' असं सांगणं म्हणजे दगडावर नसलेलं मरण कुणाच्या तरी माथी मारणं. याचा मला खरंच राग येतो. सतीची खूण अगदी स्पष्ट असते: कोपरात काटकोनात वळलेला, बांगड्यांनी भरलेला, उघड्या पंजाचा हात. बहुधा तो खांबातून बाहेर आलेला दाखवतात. बांगड्या सांगतात, ती सवाष्ण म्हणून गेली. हा हात नसेल तर नुसत्या बायका मोजून सती म्हणू नये. वीरगळावरच असा हात असेल, तर मात्र नवरा रणात पडला आणि त्याच्यामागं बायको सती गेली, दोघांची आठवण एकाच दगडावर आहे.

दगडावर कोरलेल्या चंद्र-सूर्यावरून काही ठरत नाही, ते वीरगळ आणि सतीशिळा दोन्हींवर असतात.

आणि उठसूट 'शिवकालीन' म्हणणं थांबवा. यांतले बरेचसे शिलाहार-यादवांच्या काळातले मानले जातात, महाराजांच्या कितीतरी शतकं आधीचे.

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. वाचायला आहे ते फक्त कोरीवकाम, तेही उन्हापावसानं झिजलेलं. त्यावर ऑइलपेंट नाहीतर शेंदूर थापला की आधी बांगड्या बुजतात, मग गाई. गावात असा दगड असेल तर रंग लावू देऊ नका, आणि पाहायचा तर सकाळी किंवा दिवस कलल्यावर पाहा. तिरप्या उन्हात झिजलेली रेघसुद्धा उठून दिसते.