व्हॅक्यूम कट्टा आणि पैसे भरण्याची यंत्रणा (स्वयंसेवा वॉशिंग सेंटर, बेळगाव सीमाभाग)

व्हॅक्यूम कट्टा : गाडीमालकाने स्वतःच गाडी धुवायची अशा वॉशिंग सेंटरच्या आवारात, धुण्याच्या खणांपासून थोडा बाजूला बांधलेला काँक्रीटचा ओटा. गाडीतली धूळ ओढणारे यंत्र, त्याची लांब नळी आणि पैसे भरण्याची पेटी या कट्ट्यावर बसवतात. दोन्ही बाजूंना एकेक गाडी उभी राहते. पैसे भरले की यंत्र ठरलेली मिनिटे चालते आणि आपोआप थांबते.

ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेत फोफावली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गाडी धुणे अजून बहुतांशी दुसऱ्याच्या हातचे काम आहे : गाडी रॅम्पवर चढवायची, पोरगा खालून-वरून पाण्याचा मारा करतो, फोम लावतो, पैसे गल्ल्यावर. म्हणून इथे स्वयंसेवेची यंत्रे बसवली तरी आवारात एक माणूस ठेवावा लागतो. तो सुट्टे देतो, टोकन विकतो, नळी कशी धरायची ते दाखवतो. त्याला वगळून नुसत्या यंत्रावर हिशेब मांडणारा मालक पहिल्याच पावसाळ्यात अडचणीत येतो.

पैसे घेण्याचा सगळ्यात जुना मार्ग नाण्याचा. यंत्रातला नाणेओळखू भाग नाण्याचा व्यास, जाडी आणि धातू विद्युत वेटोळ्यांनी तपासतो, ओळख पटली की टायमरला विजेचे ठोके पाठवतो आणि ठोक्यांच्या हिशेबाने मिनिटे मिळतात. अमेरिकेत हे सहज जमले, कारण तिथे पाव डॉलरचे नाणे वर्षानुवर्षे त्याच मापाचे राहिले. आपल्याकडे पाच रुपयांचेच घ्या : जुने जाडजूड नाणे ९ ग्रॅमचे, नंतरची काही ६ ग्रॅमची, व्यास मात्र तोच २३ मि.मी. दहाचे गोल नाणे आणि वीसचे बारा कडांचे नाणे, दोन्ही २७ मि.मी.; दहाला बाहेरचे कडे सोनेरी, वीसला आतली चकती सोनेरी. हा फरक माणसाच्या डोळ्याला लगेच कळतो. यंत्राला मात्र एकेक नाणे दाखवून तो शिकवावा लागतो. त्यात दहाच्या नाण्याबद्दल अफवा उठून ठिकठिकाणी दुकानदार ते घेईनासे झाले. अखेर रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावे लागले की दहाच्या नाण्याचे १४ही नमुने वैध आहेत.

त्यामुळे टोकन हा मधला मार्ग बरा पडतो. स्वतःच्या मापाचे पितळी टोकन पाडून घेतले की यंत्राला तेवढेच ओळखायचे असते. सरकारने नवे नाणे काढले तरी पेटी बदलावी लागत नाही, आणि पेटी फोडणाऱ्याच्या हाती बाजारात न चालणारा माल लागतो. तोटा असा की गिऱ्हाईक उरलेले टोकन खिशात घालून कोल्हापूरला निघून जाते आणि पुढच्या खेपेला भाव वाढलेला दिसला की वाद घालते.

यूपीआय २०१६ मध्ये आले आणि हा सगळा पेच बराच सुटला. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही, म्हणून वीस रुपयांचा व्यवहारही परवडतो. एवढ्यासाठी कार्डाचे मशीन ठेवण्यात अर्थ नाही. मात्र यूपीआयच्या दोन रीती आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली साधी : खांबावर क्यूआर चिकटवलेला, पैसे आले की साउंडबॉक्स बोलतो आणि पोरगा हातातल्या रिमोटने यंत्र चालू करतो. साउंडबॉक्सची भाषा निवडता येते, त्यामुळे एकाच आवारात एक डबा कन्नडमध्ये आणि दुसरा मराठीत रक्कम पुकारू शकतो. दुसऱ्या रीतीत यंत्रातच सिमकार्ड असलेला कंट्रोलर असतो. पडद्यावर त्या रकमेपुरता क्यूआर उमटतो, पैसे जमा झाल्याचा निरोप सर्व्हरकडून कंट्रोलरला येतो आणि रिले (यंत्राची वीज जोडणारा स्विच) ओढला जातो. इथे खरी नड नेटवर्कची. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्याकडे, धो धो पावसात निरोप मध्येच अडकला तर गिऱ्हाइकाचे पैसे कटलेले आणि यंत्र गप्प. व्यापाऱ्याच्या खात्यात पैसे पोचलेच नसतील तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जायला हवेत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. पण पैसे पोचले आणि फक्त यंत्र चालले नाही, तर ते मालकाने परत करायचे किंवा हाताने यंत्र चालू करून द्यायचे. म्हणून प्रत्येक पेटीत कुलपाआड एक बटण असावेच.

पाटीचाही विचार करावा लागतो. कर्नाटकाच्या २०२४च्या दुरुस्तीनुसार व्यापारी फलकावर ६० टक्के मजकूर कन्नड हवा. कोगनोळी नाक्यावरून येणाऱ्या एम एच पासिंगच्या गाड्या आणि गावातले मराठी गिऱ्हाईक धरता सूचना दोन्ही भाषांत लागतात. पेटीच्या तोंडावर तर आकडे आणि चित्रेच बरी.

कट्ट्याचे बांधकाम मातीवर ठरते. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम बाजूला तांबडी, जांभ्याची जमीन. ती घट्ट बसते. अथणी-गोकाककडे काळी माती, जी पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावर थेट ओटा घातला तर वर्षभरात कट्टा तिरका होतो आणि आतल्या वायरींच्या नळ्या ताणल्या जातात. तिथे काळी माती काढून मुरूम थराथराने, पाणी मारून आणि दाबून भरावा, मग पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट), मग सळईची जाळी घालून एम-२० प्रतीचे काँक्रीट. कट्ट्याची उंची साधारण १५० मि.मी., रुंदी मीटरभर. उंची कमी ठेवली तर चाक वर चढते, जास्त ठेवली तर दार आपटते. भोवतालच्या फरशीपासून कट्टा सुटा ठेवून फट भरून घ्यावी. माथ्याला बाहेरच्या बाजूस थोडा उतार हवा, आणि धुण्याच्या खणातले पाणी कट्ट्याकडे वाहत येता कामा नये.

काँक्रीट ओतण्याआधी दोन वेगळ्या नळ्या टाकायच्या : एक २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्याची, दुसरी पेटी आणि टायमरच्या कमी दाबाच्या तारांची. दोन्ही एकाच नळीतून नेल्या तर मोटर सुरू होताना टायमरला भलतेच ठोके मिळतात, आणि नंतर हे सुधारायचे तर कट्टा फोडण्यावाचून उपाय नाही. यंत्राचे बोल्टही पत्र्याच्या साच्यात धरून ओल्या काँक्रीटमध्येच बसवतात. ओल्या पायांनी, ओल्या हाताने वापरायचे यंत्र म्हटल्यावर चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांत काटकसर चालत नाही.

कट्ट्याच्या दोन्ही टोकांना काँक्रीट भरलेले लोखंडी पाइप रोवतात, पिवळे-काळे रंगवून. रिव्हर्स घेणारा बोलेरोवाला यंत्राऐवजी त्यांना धडकतो. बाजूची जागा दार पूर्ण उघडेल इतकी हवी, साधारण साडेतीन-चार मीटर. नळी साधारण साडेचार मीटर लांब, दीड किंवा दोन इंची; वरच्या आडव्या दांडीला टांगली तर चाकाखाली येत नाही. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पेटीचे तोंड पूर्वेला ठेवून वर पत्र्याचे छप्पर घालावे.

यंत्रात सहसा किलोवॉटभर ताकदीच्या दोन किंवा तीन मोटरी असतात. धूळ आधी गोल फिरून खालच्या पेटीत पडते, बारीक कण कापडी पिशवीत अडकतात. गोव्याहून चोर्ला घाटाने परतलेल्या गाड्यांतली वाळू जड, ती पेटीत बसते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलेल्या गाडीतला भंडारा मात्र हळदीचाच, म्हणून मऊ. तो पिशवीच्या विणीत घुसतो आणि ओढ मंदावते. यात्रेच्या पौर्णिमेनंतर पिशव्या रोज झटकाव्या लागतात, आणि एक जादा जोड हाताशी असावा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, पूजेसाठी गाड्यांची रांग लागते तेव्हा, पिशवी बदलायलाही उसंत मिळत नाही. पेटी रिकामी करताना चाळणी वापरतात. सीटच्या फटीतून ओढली गेलेली चिल्लर, कानातल्याचे मळसूत्र, क्वचित अंगठीही तिच्यात सापडते, आणि ती विचारत गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हटकून येते.