हाक मारल्यानंतर काय होतं?

मैदानात मोकळं सोडलेलं पिल्लू दुसऱ्या कुत्र्याबरोबर मनसोक्त हुंदडतंय. निघायची वेळ झाली की मालक हाक मारतो, पिल्लू धावत येतं, गळपट्ट्याला दोरी अडकते आणि वरात घरी निघते. हा क्रम थोडे दिवस चालला की तेच पिल्लू हाक ऐकून मान वळवतं, क्षणभर बघतं आणि उलट्या दिशेला सुसाट पळतं. लोक म्हणतात, आगाऊ झालंय. मला विचाराल तर ते उत्तम विद्यार्थी आहे. हाकेनंतर खेळ संपतो, हे त्याने बरोब्बर हेरलेलं असतं.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांजरांवरचे आपले प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर पेटीत कोंडायचं, बाहेर खाणं ठेवायचं. आधी ते ओरबाडतं, चावतं आणि केव्हातरी योगायोगानेच दाराचा खटका सुटतो. मग पुढच्या प्रत्येक खेपेला सुटकेला लागणारा वेळ साधारण कमी होत जातो. ज्या कृतीपाठोपाठ मनासारखं घडतं ती पुन्हा होते, नकोसं घडलं तर मागे पडते, असा निष्कर्ष त्याने काढला. पिल्लाला शिकवायच्या दोन गोष्टी, हाकेला येणं आणि दोरी न ओढता चालणं, याच नियमावर उभ्या आहेत.

यातला ‘पाठोपाठ’ हा भाग बहुतेकांकडून निसटतो. पिल्लू हाकेला येतं. आपण खिसा चाचपतो, पुडी सोडतो, तोवर त्याने पुढचे पाय आपल्या गुडघ्यावर टेकलेले असतात, आणि नेमका तेव्हा खाऊ तोंडात पडतो. बक्षीस मिळालं अंगावर उडी मारल्याचं! म्हणून खाऊ आधीच मुठीत हवा आणि पिल्लू पोचताक्षणी मिळायला हवा.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं काम मोजलं. अनपेक्षित बक्षीस मिळालं की या पेशी जोरात चेततात. बक्षिसाआधी ठरलेली खूण होऊ लागली, की काही काळाने त्या खुणेलाच चेततात आणि अपेक्षित बक्षीस आलं नाही तर मंदावतात. हाकेचंही तसंच व्हावं, ती ऐकूनच पिल्लाला उत्साह यावा, हा सगळा खटाटोप त्यासाठी. सुरुवात घरात, दोनचार पावलांवरून आणि लक्ष वेधणारं दुसरं काही नसताना करावी. हाक एकदाच मारायची. पिल्लू हुंगण्यात गुंग असताना दहा वेळा ‘ये, ये’ केलं तर तो नुसता आवाज ठरतो. आंघोळीसाठी किंवा रागवायला तर कधीच बोलावू नये. तेव्हा आपणच जाऊन उचलून आणावं.

खेळ चालू असताना मधेच बोलावून खाऊ द्यावा आणि पुन्हा खेळायला सोडावं, ही युक्ती मला सगळ्यात आवडते. डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली दाखवलं होतं, की ज्या कृतीची ओढ जास्त, ती कमी ओढीच्या कृतीचं बक्षीस म्हणून वापरता येते. इथे परत खेळायला मिळणं हेच मोठं बक्षीस. बाहेर सराव करताना लांब दोरी मात्र बांधलेली असू द्या.

आता दोरीने चालणं. पिल्लाला झुडपाकडून वास येतो, ते ओढतं, आपण मागोमाग फरफटत जातो, ते झुडपापाशी पोचतं. ओढण्याची कमाई झाली. उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे: दोरी ताणली की जागीच उभं राहायचं, सैल झाली की निघायचं. गंमत अशी, की आजवर फळलेली कृती अचानक फळेनाशी झाली, की पिल्लू ती आधी वाढवून पाहतं. म्हणजे पहिले काही दिवस ते जास्तच जोर लावण्याची शक्यता असते. तेव्हा आपण नमलो तर ‘आणखी जोर लावला की जमतं’ एवढाच धडा ते घेईल. ‘आज घाई आहे, जाऊ दे’ हे त्याहून घातक. अधूनमधून फळणारी सवय नेहमी फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते, हे फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून सविस्तर मांडलं. घाईच असेल तर पिल्लाला सरळ कडेवर घ्यावं.

गळपट्ट्यावर ताण आला की कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसने (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याने) तसा वाढत नाही, असं २००६ सालच्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून हार्नेस बरा. पण ओढू नये हे तो शिकवत नाही. दोरीला हिसके देणं तर नकोच. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या २०२० सालच्या अभ्यासात, शिक्षेवर भर असलेल्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलं.

एवढं करूनही आठव्या महिन्याच्या आसपास पिल्लू ढिम्म हलेनासं होऊ शकतं. संशोधक लूसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच महिन्यांच्या वयात ‘बस’ म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात आपल्याच माणसाकडे कानाडोळा करत होती. अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती! वर्षाच्या सुमारास बहुतेकांची गाडी रुळावर येते. तोवर लांब दोरी पुन्हा बाहेर काढावी आणि खाऊ जरा चांगल्यापैकी ठेवावा.