मशीन किती तासांनी खोलायचं, हे ठरवलं कुणी?

मेन्टेनन्सची स्ट्रॅटेजी ठरवायची म्हटलं की अजूनही पहिला प्रश्न हाच येतो, किती तासांनी खोलायचं? खोलायचं कशाला, हे फार उशिरा कुणीतरी विचारलं.

आधी मशीन दणकट नि हळू चालणारी, बंद पडली की दुरुस्त करायची, संपलं. पुढे एक मशीन बसलं की अख्खी लाईन बसायला लागली, मग ठरलेल्या तासांनी ओव्हरहॉल (म्हणजे अख्खं खोलून दुरुस्ती) करायची पद्धत रुळली, समज असा की पार्ट जुना झाला की बिघडणारच.

ह्याला पहिला धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये (समुद्रावर गस्त घालणारा विभाग) सी. एच. वॉडिंग्टन (माणूस मूळचा जीवशास्त्राचा!) आणि त्याच्या टीमने लिबरेटर विमानांच्या नोंदी काढल्या, तर दर 50 तासांनी होणारी तपासणी झाल्या झाल्याच बिघाड वाढलेले आणि नंतर हळूहळू कमी होत गेलेले. शॉपफ्लोअरवर हे नवीन नाही, धडधाकट गिअरबॉक्स उघडला, सील जरासं तिरकं बसलं किंवा कपलिंगचं अलाइनमेंट हललं की बेअरिंग तापलंच.

1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी रिपोर्ट लिहिला. त्यात वयाप्रमाणे झिजून बिघडणारे पार्ट जेमतेम 11 टक्के निघाले. डीसी-8 विमानात ठराविक काळाने ओव्हरहॉल करायचे 339 पार्ट होते, डीसी-10 मध्ये उरले 7! बिघाड कसा होतो ते बघून मेन्टेनन्स ठरवायची हीच पद्धत म्हणजे आरसीएम (रिलायबिलिटी सेंटर्ड मेन्टेनन्स). अर्थात हे आकडे विमानांचे, स्लरी पंपाचा (गाळमिश्रित पाणी खेचणारा पंप) इम्पेलर, म्हणजे आतलं फिरणारं चाक, झिजतोच, त्याला तासांचा हिशोब लागतोच, हे आकडे सगळीकडे चिकटवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

तिकडे जपानमध्ये 1970 च्या आसपास टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेन्टेनन्स) आलं, साफसफाई, ऑइलिंग, नटबोल्ट टाइट करणं ऑपरेटरकडेच. वायब्रेशन मोजून बेअरिंगचा अंदाज घेणंही हळूहळू परवडायला लागलं.

त्यामुळे आता मेन्टेनन्सच्या पद्धतीची निवड मशीन बघून नाही, बिघाड बघून होते. तो आधी कळतो का, झाला तर काय अडतं. ज्याच्या जोडीला स्टँडबाय (राखीव) पंप आहे असा साधा पंप बंद पडेपर्यंत चालवला तरी काही अडत नाही, फक्त तो स्टँडबाय अधूनमधून चालवून बघायचा, कारण तो आतल्या आत जाम झाला असेल तर मेन पंप बसेपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही.