चर्चमधल्या सुरक्षा साधनांची तपासणी आणि तिची वही

आग विझवायचे सिलिंडर, वायरिंग, इन्व्हर्टर, बाहेर पडायचे दरवाजे, फर्स्ट एडची पेटी हे सगळं ठरलेल्या वेळी बघायचं आणि काय दिसलं ते तारीख-सहीसकट लिहून ठेवायचं, एवढंच हे काम. सांगली-साताऱ्याकडं बऱ्याचदा ते नाताळ तोंडावर आला की आठवतं.

सिलिंडर महिन्यातनं एकदा तरी हातात घेऊन बघायचा. पावडरवाल्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं माती तर भरली नाही ना (हे खरंच होतं). सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) सिलिंडरला मात्र काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं, आतला गॅस १० टक्क्यांपेक्षा जास्त कमी झाला की परत भरून आणायचा, आणि दर ५ वर्षांनी त्याची प्रेशर टेस्ट असते. साउंड सिस्टीम आणि मेन बोर्डाजवळ हाच ठेवावा, कारण पावडर मारली तर आग विझते पण साउंडच्या मिक्सरचं वाटोळं होतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात सिलिंडरचा बूड गंजतो, म्हणून तो जमिनीवर न ठेवता भिंतीला टांगायचा. नवं स्टिकर दिसलं म्हणजे सिलिंडर भरलाच असं धरून चालू नये.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात लायसन असलेल्या एजन्सीकडनं देखभालीचं प्रमाणपत्र म्हणजे 'फॉर्म बी' घेऊन तो जानेवारी आणि जुलैत फायर ऑफिसला द्यायची तरतूद आहे. त्याची झेरॉक्स वहीलाच लावावी, पाळकांची बदली झाली किंवा कमिटी बदलली की सुटे कागद हमखास गायब होतात.

२४ डिसेंबरच्या रात्री मेणबत्त्या, पडदे, लायटिंगच्या माळा आणि एकाच एक्स्टेन्शनवर सगळा भार, त्यात बाजूचा दरवाजा जादा खुर्च्या लावून बंद केलेला. उपासना चालू असताना कुठल्याच दरवाजाला कुलूप नको, हे तर कुणी सांगायलाही नको, पण चावी कुणाकडं आहे ते वहीत लिहिलेलं असावं. आरसीसीबीचं (करंट गळला की लाइट तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटणसुद्धा दाबून बघायचं, दाबलं आणि लाइट गेली नाही तर तो नुसता शोभेचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी शिरलेल्या इमारतीत वायरमनकडनं मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय मेन स्विच वर करायचाच नाही, आणि पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते वहीत टिपायचं म्हणजे पुढच्या वेळी बोर्ड किती वर घ्यायचा ते कळतं. वही वरच्या फळीवर, शिवाय प्रत्येक पानाचा फोटो सेक्रेटरीच्या मोबाइलमध्ये.

साताऱ्याकडच्या जुन्या दगडी इमारतींचं दुखणं वेगळं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप लोकांच्या लक्षात आहे आणि तिकडं बारीक धक्के अजून बसतात. भिंतीला तडा दिसला की त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख टाकतात, पट्टी फुटली म्हणजे तडा सरकतोय, मग इंजिनिअरला बोलवायचं.

लिहिताना नुसतं 'ठीक' लिहू नये. 'काटा हिरव्यात, पिन आहे, नळीला चीर, बदलायला दिली' असं लिहायचं, खाली बिलाचा नंबर आणि बघणाऱ्याची सही. सहा महिन्यांच्या नोंदींवर एकाच पेनानं, एकाच बैठकीत मारलेल्या बरोबरच्या खुणा लगेच ओळखू येतात.