तांबडा काळा की पांढरा? वन्यजीवांच्या कृष्णधवल फोटोंमागची गोष्ट

थंडी पडली की नाशिकच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचे फोटो पडायला लागतात. हल्ली त्यांत कृष्णधवल फोटो बरेच असतात आणि त्यावरचा वादही ठरलेला: एवढा गुलाबी रोहित (फ्लेमिंगो), तो राखाडी करायचाच कशाला? रंग काढून टाकणं ही कॉम्प्युटर आल्यावरची हौस आहे, असं वाद घालणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. पण कोणता रंग किती काळा आणि किती पांढरा उतरावा, ही भानगड फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. पूर्वी ते रसायन ठरवायचं, आता आपण ठरवतो, एवढाच फरक.

सुरुवातीला फोटो ज्यांवर उमटे त्या काचेच्या प्लेटांना निळ्या उजेडापलीकडे फारसं काही कळत नसे. आकाश पांढरंफटक यायचं, झाडी काळी. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनतज्ज्ञाला आढळलं की इमल्शनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या उजेड टिपणाऱ्या लेपात, ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवा-पिवळाही कळू लागतो. यातून ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या. तांबड्याला त्याही आंधळ्याच होत्या, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. तांबड्यापर्यंत पोचणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा इंग्लंडमध्ये १९०६ साली विक्रीला आल्या.

हे नांदूरच्या जांभळ्या पाणकोंबडीवर ताडून बघा. अंग निळं-जांभळं, चोच आणि कपाळावरची ढाल लालभडक. ऑर्थो प्लेटवर अंग उजळ उतरेल, चोच काळीकुट्ट. पॅनक्रोमॅटिकवर लाल फिल्टर (लेन्सपुढची लाल काच) लावून काढला तर नेमकं उलट: अंग काळं, चोच पांढुरकी. पक्षी तोच, पण पक्षी ओळखायची चित्रं बघून शिकणारा नवखा माणूस दोन वेगळ्या जाती आहेत असं म्हणेल.

याच कृष्णधवल काळात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पूर्ण लांबीचा चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून तिची छोटी फिल्म केली होती. नाशिककर फाळक्यांचं नाव सिनेमासाठी घेतात; निसर्गचित्रणातला हा मान सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

भारतातल्या जंगलात कॅमेरा नेणाऱ्यांत वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचं नाव आधी येतं. १९२०च्या दशकात त्यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधली; वाघाने ती ओढली की मॅग्नेशियमची पूड भडकायची आणि फोटो निघायचा. त्या उजेडात पट्टे स्वच्छ येत, मागचं रान अंधारात बुडून जाई. कृष्णधवल वाघ म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतो तो असाच.

रंगीत कोडाक्रोम फिल्म १९३५ मध्ये आली, पण तिचा वेग (आजच्या आयएसओसारखा, उजेड टिपण्याच्या ताकदीचा आकडा) सुरुवातीला जेमतेम १० होता. पहाटेच्या उजेडात उडता पक्षी तिच्यावर टिपणं जवळपास अशक्य. कृष्णधवल रोल कितीतरी वेगवान, स्वस्त आणि घरी धुता येणारा. मद्रासचे एम. कृष्णन शेवटपर्यंत कृष्णधवलच काढत राहिले, तेही जुळवाजुळव करून स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्याने. ऊटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल जुन्या छायाचित्रकारांना अजून आठवत असेल.

कोणता रंग किती काळा-पांढरा, हा निर्णय डिजिटलने फोटो काढल्यानंतरवर ढकलला. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटप्रमाणे सेन्सरवर रंगीत जाळी असते: निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे तिन्ही रंगांची माहिती फाइलमध्ये शिल्लक राहते आणि फिल्टर नंतर, घरी बसून ‘लावता’ येतो. इथेच बहुतेकांची गल्लत होते. फोटोशॉपमधली साधी ‘डीसॅच्युरेट’ आज्ञा शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा या तिघांनाही एकच राखाडी देते. डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो. टीव्हीसाठी ठरलेल्या जुन्या सूत्रात म्हणूनच हिरव्याला ०.५८७, लालला ०.२९९ आणि निळ्याला फक्त ०.११४ वाटा आहे. २००७ च्या फोटोशॉप सीएस३ पासून प्रत्येक रंगासाठी वेगळा स्लायडर आला आणि मामला सोपा झाला.

निफाडच्या उसातला बिबट्या घ्या. त्याचा पिवळसर अंगरंग आणि उसाची पात उजेडाला जवळपास सारखीच, त्यामुळे एका बटणावर रंग काढला की बिबट्या उसात विरघळतो. पिवळा-नारिंगी वर आणि हिरवा खाली घेतला की तो बाहेर येतो. स्लायडर फार ताणला, विशेषतः निळा, तर आकाशात दाणे उठतात आणि पंखांच्या कडेला पांढरी रेघ उमटते. जेपीजीवर हे लवकर होतं, रॉ फाइलमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) जरा उशिरा. भर दुपारी काढलेला फसलेला फोटो ‘कलात्मक’ करायला कृष्णधवल हा उपाय नव्हे, हे माझं मत. दुपारचा रखरखीत कॉन्ट्रास्ट रंग गेल्यावर आणखीच उघडा पडतो.

२०१२ मध्ये लायकाने रंगाची जाळीच नसलेला कृष्णधवल डिजिटल कॅमेरा आणला. तपशील आणि कमी उजेडातली ताकद वाढली, पण रंगांची माहितीच नसल्याने नंतर काही निवडता येत नाही. असा कॅमेरा वापरणारे पुन्हा लेन्सवर पिवळ्या-नारिंगी काचा चढवतात. पिवळ्या काचेने साधारण एक स्टॉप (म्हणजे निम्मा) उजेड जातो, नारिंगीने दोन, आणि सकाळी सातला नांदूरजवळच्या चापडगावच्या काठावर तेवढा सोडणं कुणालाच परवडत नाही.