इराण्याच्या हॉटेलामागचा इराण

मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलांचा विषय निघाला की आपण ब्रुन मस्का आणि संगमरवरी टेबलांच्या आठवणींत रमतो. ही माणसं मुलूख सोडून का आली, ते सहसा कुणी विचारत नाही. मला तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

यातले बरेचसे इराणातल्या यझ्द आणि केरमानकडचे झरथुष्ट्री, म्हणजे पारशांचेच धर्मबंधू. इराणात काजार घराण्याच्या राजवटीत त्यांच्यावर जिझिया, म्हणजे बिगर-मुस्लिमांवरचा कर, होता. घोड्यावर बसायला बंदी, कपड्यांच्या रंगावरही बंधन. सगळ्यांत जाचक म्हणजे त्यांचा स्पर्श विटाळ मानला जाई, त्यातही ओल्या वस्तूला आणि अन्नाला. खाण्याचे पदार्थ विकून पोट भरायची वाटच बंद. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया यांना तिकडे धाडलं. अर्ज-विनंत्यांत जवळपास तीन दशकं गेली, तेव्हा कुठे १८८२ मध्ये जिझिया उठला. मधे १८७०-७२ चा भीषण दुष्काळ पडून गेला होता आणि मुंबईची वाट रुळली होती.

इथे आल्यावर कुणी पारशी घरांत चाकरी धरली, कुणी चहा विकला. दुकान टाकायचं तर एकट्याचं भांडवल पुरत नसे. मग गाववाले, नातेवाईक मिळून भागीदारी करत आणि आळीपाळीने गल्ल्यावर बसत. कोपऱ्यावरचे गाळे अशुभ म्हणून इतर व्यापारी टाळत असं सांगतात. इराण्यांना ते मिळाले आणि दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक लाभलं. पहाटेच दार उघडायचं, कामावर निघालेल्या माणसाला चहा-पाव द्यायचा, तिथेच साबण, काडेपेटी, ब्लेडही विकायचं. ज्यांच्या हातचं खाणं मायदेशी निषिद्ध होतं, त्यांच्या टेबलावर इथे हमाल आणि वकील शेजारी बसून खाऊ लागले. या शहराने मिळवलेल्या मोठ्या गोष्टींत मी ही धरतो.

धोबी तलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं, पुण्याचं गुडलक १९३५ चं. ही तिन्ही टिकली. बाकीची बहुतेक गेली. उडुपी हॉटेलं आली, काही इराण्यांनी बिअर बार काढले, पागडीच्या जागांना सोन्याचा भाव आला. ज्या भागीदारीने दुकान उभं राहिलं, तिचेच पुढच्या पिढीत इतके वाटे झाले की जागा विकून पैसे वाटून घेणं सोपं पडलं. आणि पहाटे उठून भट्टी पेटवण्याच्या कष्टांतून सुटावीत म्हणूनच तर मुलांना शिकवलं होतं. ती डॉक्टर, इंजिनिअर झाली, परदेशी गेली.